गल्लीतला चेंडू

आमच्या हिला टेनिस कोणी शिकवलं असं कोणी विचारलं, की ती अवजारांच्या खोलीमागच्या भिंतीकडे बोट दाखवते. लोक हसतात. त्यांना वाटतं बाई विनोद करतेय. पण ते अगदी खरं आहे आणि त्याला साक्षीदार मी आहे. मी या क्लबात रूळ ओढायला लागलो तेव्हा कोर्टांची सगळी देखभाल तिच्या वडिलांकडे होती. सदस्य घरी गेले की त्यांची ही एकुलती एक लेक टाकून दिलेली एक रॅकेट घेऊन त्या भिंतीवर चेंडू मारत राहायची. रॅकेटच्या दोन तारा तुटल्या होत्या, त्या जागी तिने मासे धरायचा दोरा ओवला होता. भिंत चुकत नाही आणि दमतही नाही, त्यामुळे तिच्याशी खेळणाऱ्यालाही तीच सवय लागते. दोन वर्षं मी ते लांबून पाहिलं. मग तिच्या वडिलांनी मला विचारलं, "नुसतं पाहणार आहेस का लग्नाचं काही बोलणार आहेस?"

माझं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण माझी सगळी अक्कल आणि सगळी घमेंड त्याच कामातली. कोर्टं मातीची आहेत, विटेच्या चुऱ्याची. सकाळी तरट ओढून माती सारखी करायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, आणि मग फक्कीने पांढऱ्या रेषा आखायच्या. सासऱ्यांची एक गाठी मारलेली दोरी अजून माझ्याकडे आहे. टेप कधी लागतच नाही, प्रत्येक गाठ म्हणजे एक रेष. कोर्टाच्या दोन्ही कडांना दोन-दोन रेषा असतात. आतली एकेरी खेळासाठी, बाहेरची दुहेरीसाठी. दोन्हींच्या मधल्या साडेचार फुटांच्या पट्टीला आम्ही गल्ली म्हणतो. दुहेरीत चौघं खेळतात तेव्हा गल्ली जिवंत, एकेरीत दोघं खेळतात तेव्हा गल्ली मेलेली. तिथे पडलेला चेंडू बाद.

सदस्यांत भांडण झालं, की "रूळवाल्याला बोलवा" अशी हाक यायची. मी जायचो, मातीतली खूण पाहायचो आणि सांगायचो, आत किंवा बाहेर. मोठमोठी माणसं माझं ऐकायची. एरवी ज्यांनी मला कधी 'कसे आहात' म्हणून विचारलं नाही, ती माणसं माझ्या एका शब्दावर गप्प बसायची. तीस वर्षांत माझा शब्द कोणी खोटा पाडला नाही. हे मी बायकोला इतक्या वेळा ऐकवलंय की ती पुढचं वाक्य आधीच म्हणते.

ती मार्कर झाली ती क्लबाच्या जुन्या सदस्य डॉक्टरीणबाईंमुळे. मार्कर म्हणजे जोडीदाराशिवाय आलेल्या सदस्याबरोबर खेळायला क्लबाने ठेवलेला माणूस. जुना मार्कर गुडघ्यांनी बसला होता. डॉक्टरीणबाई एकट्याच रॅकेट घेऊन चिडून उभ्या होत्या, आणि ही बाजूला पाणी मारत होती. "तुला येतं का गं?" त्यांनी विचारलं. हिने पाइप माझ्या हातात दिला, कापडी बूट झटकले आणि बाईंना तासभर असं पळवलं की त्या बाकावर बसून हसतच सुटल्या. ती तिथून पुढे बावीस वर्षं मार्कर. क्लबातल्या निम्म्या बायका आणि सगळी पोरं तिच्या हाताखालून गेली. दुपारी सदस्यांच्या रॅकेटना ती नव्या तारा भरून द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा कोर्टावर. सगळे तिला मार्करबाई म्हणत.

तिच्या खेळात जोर नव्हता. जोर कुठून येणार? उंची माझ्या खांद्याला. पण चेंडू कुठे पडणार हे तिचं आधी ठरलेलं असायचं. समोरचा डावीकडे वळला की चेंडू उजवीकडे, आणि तोही असा तिरपा की माणूस कोर्टाबाहेर जाऊन कुंपणाला हात लावून परत यायचा. घरीही तेच. मी भांडायला जोरात सुरुवात करायचो आणि ती एकच बारीक वाक्य अशा जागी टाकायची की मी पोचेपर्यंत भांडण संपलेलं असायचं.

क्लबाचा एक नियम आहे. नोकरांपैकी रॅकेट घेऊन कोर्टावर उतरायची परवानगी फक्त मार्करला. मी तीस वर्षं त्या कोर्टांना लेकरासारखी अंघोळ घालतोय, पण तिथे एक चेंडू मारलेला नाही. आणि गावात दुसरी कोर्टं आहेत ती अशीच, सदस्यांची. तिची लहानपणची भिंतसुद्धा गेली. तिथे आता गाड्या लागतात. म्हणजे तिचं मार्करचं काम सुटलं तर तिचं टेनिसच सुटणार होतं. एवढं ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

नवे सचिव आले ते नव्या कल्पना घेऊन. त्यांनी एक तरुण आणला. बाहेरगावच्या स्पर्धा खेळलेला, चोवीस वर्षांचा, सहा फुटांवर. त्याची सर्व्हिस अशी यायची की समोरच्याला चेंडूऐवजी आवाजच मिळायचा. चार दिवसांत त्याचं नाव तोफ पडलं. पोरगा मात्र गुणी. मला काका म्हणायचा, हिला काकू, आणि रूळ ओढताना दिसलो की हात लावायला यायचा. सचिवांचं म्हणणं, मार्कर एकच असतो, तर तो हाच असावा. मार्करबाईंना टॉवेलच्या खोलीत घेऊ. तिथे सावली आहे, बसून काम आहे, वयही झालं. वय सत्तेचाळीस! आवळा देऊन कोहळा काढायचा तर निदान आवळा तरी ताजा द्यावा.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "तो तिच्यापेक्षा चांगला आहे हे कोणी ठरवलं?"

"बाई, उघड आहे," सचिव म्हणाले. "खेळवून बघा."

"खेळवूच. पण बरोबरीने. त्याच्या उंचीशी आणि खांद्याशी नाही, खेळाशी खेळवा. नियम तसे करा."

सचिव कात्रीत सापडले. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. ठरलं की तोफ आणि मार्करबाई यांचा एक सामना होईल, जिंकेल तो मार्कर. आणि पुरुष-बाई सामना बरोबरीचा व्हावा म्हणून काय बदल करायचे ते कार्यकारिणी ठरवेल. ती सभा तीन तास चालली. मापं सांगायला म्हणून मला बोलावलं होतं, म्हणून मी भिंतीला टेकून सगळं ऐकलं. खजिनदार म्हणाले, तोफने डाव्या हाताने खेळावं. कोणीतरी म्हणालं, त्याच्या कमरेला वाळूची पिशवी बांधावी. जजसाहेब, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, ज्यांना पंच म्हणून उंच खुर्चीवर बसायचं होतं, त्यांनी चष्मा काढला. "सामना ठरवतोय आपण. शिक्षा नाही."

शेवटी दोन गोष्टींवर एकमत झालं. प्रत्येक गेममध्ये मार्करबाईंना सुरुवातीलाच पंधरा, म्हणजे एक गुण आयता, आणि तोफला दोनऐवजी एकच सर्व्हिस. सचिवांनी इतक्या हसतमुखाने मान डोलावली की मला बरं वाटलं. एवढं मिळाल्यावर ही हरते कशाला!

ही दारात उभी होती. हातात कोणाची तरी अर्ध्या तारा भरलेली रॅकेट. जजसाहेबांनी विचारलं, "तुमचं काही म्हणणं आहे?"

"पंधरा नकोत," ती म्हणाली. "आणि त्याच्या दोन्ही सर्व्हिस त्याला असू द्या."

"अगं, वेडी की काय?" डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्याच.

"मग काय हवं?" जजसाहेब.

"गल्ली. त्याच्या बाजूच्या दोन्ही गल्ल्यांत माझा चेंडू चालावा. माझ्या बाजूला मात्र एकेरीचंच कोर्ट. गल्ली मेलेली."

"असं का बरं?"

तिने रॅकेटची तार अंगठ्याने दाबून पाहिली. "पंधरा दिले तर उद्या लोक म्हणतील, पंधरा दिले होते म्हणून जिंकली. ते मी मिळवलेले नाहीत. गल्लीत चेंडू आपोआप पडत नाही साहेब. तो मला तिथे टाकावा लागेल."

जजसाहेबांनी ते लिहून घेतलं. सचिवांचा चेहरा तेवढा उतरला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ते मघाशी का हसत होते.

तरी घरी मी तिच्यावर ओरडलोच. "आयतं मिळत होतं ते सोडलंस."

"आयतं पचत नाही मला," ती म्हणाली, आणि चहा ठेवला.

मला दुसरीच धास्ती होती. टेनिसमध्ये बाजू बदलतात. एका गेमनंतर, मग दर दोन गेमनंतर. म्हणजे जिथे तोफ तिथली गल्ली जिवंत, जिथे ही तिथली मेलेली, आणि बाजू बदलली की उलटं. एकाच रेषेचा अर्धा भाग खरा आणि अर्धा खोटा, तोही थोड्या थोड्या वेळाने पालटणारा. मी जजसाहेबांकडे गेलो. "साहेब, बाजू बदलली की मी तोफकडच्या आतल्या रेषा पुसून टाकतो आणि हिच्याकडच्या पुन्हा आखतो. म्हणजे गोंधळ नको."

"किती वेळा?"

"तीन सेट झाले तर पंधराएक वेळा."

"अहो, सामना आहे का रंगकाम?" ते हसले. बाकीचेही हसले. मी पण हसलो, करतो काय.

रेषेवर कोण उभं राहणार हा प्रश्न निघाला तेव्हा सचिव म्हणाले, रूळवाले नकोत, नवरा आहे. यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तोफच पुढे आला. "काकाच राहू देत. त्यांच्याइतकी रेष कोणाला कळते? माझा विश्वास आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझी छाती फुगली. त्या क्षणी हात जोडून नको म्हणायची अक्कल देवाने मला दिली नाही. एका कडेला मी आणि पलीकडच्या कडेला क्लबाचा पहारेकरी असं ठरलं.

"नको म्हणायला हवं होतं तुम्ही," ही घरी म्हणाली.

"का? मी तुझ्या बाजूने खोटं बोलेन असं वाटतं?"

"तसं नाही वाटत. तुम्ही माझ्या बाबतीत फार कडक होता, ते वाटतं."

हे तिने उगाच काढलं नव्हतं. संध्याकाळी जाळी सैल करून ठेवायची असते. एकदा ती विसरली, तेव्हा मी स्वतःहून सचिवांकडे जाऊन तिचं नाव सांगितलं होतं. ते काही विचारायलाही आले नव्हते. रूळवाल्याने बायकोला पाठीशी घातलं असं कोणी म्हणू नये, म्हणून. तिला चार माणसांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता, आणि तो मी घरी येऊन बोलूनही दाखवला होता.

सामन्याआधी आठ दिवस आम्ही पहाटे सराव केला. ती रिकाम्या कोर्टावर समोरच्या गल्लीत चेंडू टाकायची आणि मी ओरडायचो, "आत!" बाजू बदलायची, पुन्हा. शेवटच्या दिवशी शंभर चेंडू झाले.

"दोन चुकलात," ती म्हणाली.

"झोप होती डोळ्यांवर."

तिने चेंडू गोळा करून टोपलीत टाकले आणि आत गेली.

सामना दुपारी होता. एवढी माणसं मी त्या कोर्टाभोवती कधी पाहिली नव्हती. पहिला सेट तोफने सहा-तीन असा घेतला. सर्व्हिसच अशी येत होती की पहिले तीन गेम ही नुसती रॅकेट मध्ये धरत होती. दुसऱ्या सेटमध्ये तिला ती सर्व्हिस दिसायला लागली. मला ते कळलं, बाकी कोणाला नाही. ती एक पाऊल मागे सरकली आणि त्याचाच जोर त्याला परत देऊ लागली, तिरपा, गल्लीत. तोफ धावत होता. एरवी जो चेंडू सोडून द्यायचा, त्याच्यामागे पळत होता. सहा-चार, सेट तिचा. डॉक्टरीणबाई पायातली चप्पल काढून बाकावर उभ्या राहिल्या.

आणि मी? मी इमानदारीने उभा होतो. तिचे चार चेंडू बाहेरच्या रेषेबाहेर पडले, मी चारही बाद दिले. त्यातला एक इतका जवळ होता की दुसऱ्या कोणी आत दिला असता. सचिवांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा बरं वाटलं.

तिसरा सेट. पाच-चार, ही पुढे. नववा गेम संपला म्हणून बाजू बदलल्या. माझ्या हाताशी असलेल्या अर्ध्या भागात इतका वेळ ही होती, तिथे आता तोफ आला. म्हणजे माझ्या पायाशी मघापर्यंत मेलेली गल्ली आता जिवंत झाली. मी मनात तीनदा म्हटलं, जिवंत, जिवंत, जिवंत. सर्व्हिस तोफची. पंधरा-शून्य, पंधरा-पंधरा, पंधरा-तीस, तीस-तीस. मग तोफने एक जाळीत घातला. तीस-चाळीस. हा एक गुण मिळाला की सामना तिचा.

तोफने चेंडू दोनदा आपटला आणि सर्व्हिस केली. ती वळणार, हे हिला त्याच्या आधी कळलं असावं. तिने रॅकेट नुसती पुढे केली. चेंडू जाळीवरून तिरपा आला आणि माझ्यासमोर पडला, आतल्या रेषेच्या बाहेर चांगला दोन फूट, गल्लीच्या मधोमध. तोफ पळत होता.

आणि मी ओरडलो, "आऊट!"

हातही वर गेला. पूर्ण, सरळ, तीस वर्षांत जसा जायचा तसा. तोफ थांबला. लोकांनी श्वास सोडला. आणि मला मातीतली खूण दिसली. लालभडक, गोल, गल्लीत.

"आत! आत! चेंडू आत आहे!" मी पुन्हा ओरडलो. खाली बसून त्या खुणेभोवती बोट फिरवायला लागलो. "साहेब, चूक झाली, माझी चूक. आत आहे. ही बघा!"

कोणीतरी हसलं. जजसाहेब खुर्चीवरून उतरले, खूण पाहिली. तोफला विचारलं, "तू पोचला असतास?"

पोराने घाम पुसला. "माहीत नाही, साहेब. पळत होतो. काकांचा आवाज आला म्हणून थांबलो." खोटं बोलला असता तर मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

जजसाहेबांनी पुस्तक उघडलं. मला तो परिच्छेद पाठ आहे. चुकीच्या हाकेने खेळ थांबला आणि खेळाडू चेंडूपर्यंत पोचू शकला असता का हे सांगता येत नसेल, तर तो गुण पुन्हा खेळायचा. डॉक्टरीणबाई भांडल्या. खूप भांडल्या. "कुंपणानेच शेत खाल्लं की हो!" असं त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. मी जजसाहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "साहेब, तिचा गुण आहे. तीस वर्षं मी सांगतो ते तुम्ही ऐकता. आज पण ऐका."

"ऐकलंच ना," ते हळू म्हणाले. "तुमचंच ऐकून तो थांबला."

ही तेवढा वेळ पलीकडे उभी होती. तारांची घरं बोटांनी सारखी करत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "खेळते," एवढंच म्हणाली.

पुन्हा सर्व्हिस झाली. या वेळी तिला नुसता आवाज मिळाला. बरोबरी झाली, मग तो गेम गेला, पाच-पाच. पुढच्या गेममध्ये तिची सर्व्हिस दोनदा जाळीत गेली, जी बावीस वर्षांत मी दिवसातून एकदाही जाताना पाहिली नव्हती. सात-पाच. तोफने जाळीवरून वाकून तिचे दोन्ही हात धरले. तो रडत होता. ही त्याला काहीतरी समजावत होती.

संध्याकाळी कोर्टं झाडायची होतीच. उद्या सकाळी लोक खेळायला येणार. मी सगळं कोर्ट सारखं केलं आणि ती एक खूण तेवढी राहू दिली. का राहू दिली, कोणाला दाखवणार होतो, मला माहीत नाही. ही आली, माझ्या हातातून तरट घेतलं आणि त्या जागेवरून ओढलं.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं. "शिव्या घाल."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती म्हणाली. "कोणाला घालू?"

सोमवारपासून ती टॉवेलच्या खोलीत बसायला लागली. खिडकी आहे, सावली आहे, सचिव खोटं बोलले नव्हते. घड्या करायच्या, चाव्या द्यायच्या, ओले टॉवेल वेगळे टाकायचे. सदस्य येताना म्हणतात, "काय मार्करबाई, बरं आहे ना?" नाव कोणी बदललं नाही, हा एक छळच. परगावी असलेल्या आमच्या लेकीने फोनवर मला एकच वाक्य विचारलं, "बाबा, असं कसं झालं हो तुमच्याकडून?" आणि ठेवून दिला. तोफने एकदा हिला सकाळी लवकर, कोणी यायच्या आधी चार चेंडू मारू या म्हटलं. ती म्हणाली, "तुझी नोकरी घालवशील." आणि तिची रॅकेट त्याला देऊन टाकली.

महिनाभराने चहा पिताना तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट. "एक खरं सांगाल? तिथे मी नसते, दुसरी कोणी असती, तर ओरडला असता?"

मी म्हटलं, "अगं, सवय. तीस वर्षांची सवय. गल्लीत पडला की तोंडातून येतंच."

"सवय आहे का ती?" ती म्हणाली. "मलाही तेच वाटलं आधी. पण बाकीचे दहा चेंडू गल्लीत पडले, ते तुम्ही बरोबर दिलेत. शेवटचाच कसा गेला?"

त्यानंतर कितीदा तरी रूळ ओढताना मी तो क्षण पुन्हा उभा केला. सवय होती? का सगळा गाव बघत असताना, बायकोला सामना देणारा चेंडू आत म्हणायला माझी जीभ घाबरली? आतल्या माणसाला आधी काय वाटलं, ते कळायला मार्ग नाही. मातीवर खूण उरते, तशी तिथे काही उरत नाही.

वर्षाने काय झालं ऐका. कार्यकारिणीला तो गल्लीचा नियम एवढा आवडला की दर वर्षी पुरुष विरुद्ध बायका असा सदस्यांचा सामना त्याच नियमाने भरवायचं ठरलं. सूचना फलकावर लागली. नियम छान आहे, बरोबरीचा आहे, असं सगळे म्हणतात, आणि तो आहेच. ज्या बाईने तो मागितला ती त्यात खेळू शकत नाही, कारण ती नोकर आहे. आणि तळाला जजसाहेबांनी एक ओळ घातली: प्रत्येक वेळी बाजू बदलल्यावर मैदान राखणाऱ्याने आतल्या रेषा पुसून नव्याने आखाव्यात, म्हणजे गोंधळ होणार नाही. बैल गेला नि झोपा केला.

त्या पहिल्या सामन्यात मी फक्कीचा डबा घेऊन पंधरा वेळा वाकलो. रंगकाम म्हणून कोणी हसलं नाही. एका सेटच्या शेवटच्या गुणावर एका वकिलाच्या बायकोचा चेंडू बाहेरच्या रेषेला लागून गेला. रेषेवरचा सदस्य अडखळला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोर तिचा नवरा, मोठा वकील, सचिवांच्या शेजारी बसला होता. मी खूण पाहिली आणि क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, "आत!" केसाएवढी रेष पुसली होती, पण आत होता. टाळ्या पडल्या. बाई नाचायला लागल्या.

सामना संपल्यावर मी टॉवेलच्या खोलीत हात पुसायला गेलो. खिडकीतून ते कोर्ट पूर्ण दिसतं. ही घड्या घालत होती. एक कोरडा टॉवेल मला दिला.

"आज लगेच दिसलं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो. फक्की उडालेली होती ना."

तिने एक घडी घातली, दुसरी घातली. ढीग सारखा केला.

"ती दुसऱ्याची बायको होती," ती म्हणाली. "मिळालं मला उत्तर. हात पुसा आणि टॉवेल त्या टोपलीत टाका, ओल्यांच्या."